फोनच्या पलीकडचा कुनवारू

लग्न झालं तेव्हापासून माझे मिस्टर टॉवर लाईनवर. वीज वाहून नेणारे ते उंच लोखंडी मनोरे असतात ना, ते उभे करायचे आणि त्यांच्यावर तारा ओढायच्या, या कामावर ते सुपरवायझर. एक वर्ष छत्तीसगडात, पुढचं आंध्रात, मग कुठेतरी ओडिशाच्या डोंगरात. मी अकोल्यात, सासूबाईंजवळ. माझी नोकरी इथल्या माती परीक्षण प्रयोगशाळेत, त्यामुळे त्यांच्या मागे फिरणं मला जमलं नाही. खरं सांगायचं तर त्यांनीही कधी चल म्हटलं नाही. ते दिवाळीला येत, जमलं तर बुद्धपौर्णिमेला येत, अंगणातला नळ दुरुस्त करत, कूलरचं गवत बदलत आणि जात.

फोनवरचं आमचं बोलणंही ठरलेलं होतं.

"जेवली का?"

"हो."

"आई कशी हाय?"

"बरी हाय."

"पोरगी?"

"अभ्यास करून राहिली."

"बरं, ठेवतो."

लेक लहान असताना तिने एकदा खेळण्यातला फोन कानाला लावून नेमकं हेच बोलणं दोन्ही आवाजांत म्हणून दाखवलं होतं. सासूबाई हसून हसून खाली बसल्या. मीही हसले. मग भांडी घासता घासता मला रडू आलं, आणि का आलं ते मला तेव्हा कळलं नाही.

पन्नाशी ओलांडल्यावर त्यांचं ब्राझीलला जायचं ठरलं. अमेझॉनच्या जंगलातून एक मोठी लाईन जायची होती आणि कंपनीला तारा ओढण्यातली अनुभवी माणसं हवी होती. सासूबाईंनी विचारलं, "किती दूर हाय?"

"दूर म्हंजे, आपल्या पायाखाली सरळ खड्डा खनत गेलो तं तिकडंच कुठंतरी निंगते."

सासूबाईंनी फरशीकडे पाहिलं. "मंग खड्डाच खन ना. विमान कायले पायजे?"

त्यांच्या बॅगेत मी घरचं तिखट, ज्वारीच्या कण्या आणि लोणच्याची बरणी कोंबली. लेकही अमरावतीहून आली होती, ती तिथे इंजिनिअरिंगला शिकते आणि होस्टेलवर राहते. स्टेशनवर गाडी सुटताना ते आम्हा तिघींकडे बघून एवढंच म्हणाले, "गॅस बंद करत जा झोपायच्या आधी." जणू आम्ही इतकी वर्षं उघडा ठेवून झोपत होतो.

तिथे कॅम्पवर नेटवर्क फक्त एका जागी मिळायचं, मेसच्या मागच्या ओट्यावर. तेही काम संपून जेवणं झाल्यावर. तिथे रात्र व्हायची तेव्हा आमच्याकडे उजाडत असायचं. मी चहाचं आधण ठेवलेलं असायचं, सासूबाई अंगणात तोंड धूत असायच्या, आणि फोन वाजायचा.

पहिल्याच फोनमध्ये मला तो आवाज ऐकू आला. "जेवली का" आणि "आई कशी हाय" यांच्या मधल्या जागेत. क्वाक्, क्वाक्, क्वाक्. पोकळ, जाड, एकाच लयीत. मध्येच थांबायचा आणि पुन्हा सुरू. मला वाटलं मागे कुणी सुतारकाम करतंय. मी फोन स्पीकरवर टाकला तर सासूबाई पदराने तोंड पुसत आत आल्या.

"कोन बुक्क्या मारून राहिलं रिकाम्या कोठीवर?"

"आई, बेडूक हाय तो," तिकडून आवाज आला.

"बेडूक? एवढा?"

"मुठीएवढाच असते म्हनते. झाडावर राहते. उंच. झाडाच्या खोडात ढोली असते ना, तिच्यात पानी साचते, त्या पान्यात बसून वरडते. ढोली पोकळ, म्हनून आवाज घुमते."

"झाडावर बेडूक?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. लेकाला परदेशातलं पाणी बाधलं की काय, असा त्यांचा चेहरा झाला होता.

"इथले लोक त्याले कुनवारू म्हनतात."

"काय? कुंवारा?"

"कुनवारू, आई."

"हां, तेच. कुंवारा हाय म्हनूनच वरडून राहिला असंल बिचारा. बायको पायजे त्याले."

तिकडे ते हसले. फोनवर मी त्यांना हसताना ऐकलं ते बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा. घरी आले की हसायचे, टीव्ही पाहताना, लेकीच्या एखाद्या बोलण्यावर. फोनवर नाही. मला ते हसू इतकं अनोळखी वाटलं की चहा उतू गेला.

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा मी विचारलं, "आज वरडून राहिला का तुमचा कुंवारा?" आणि ते सांगायला लागले. इतकी वर्षं आमच्यात बोलायला विषयच नव्हता असं म्हणायला जीभ रेटत नाही, पण गोष्ट तशीच होती. संसाराचं बोलणं दोन मिनिटांत संपायचं आणि त्यापलीकडे काय विचारायचं ते ना त्यांना माहीत होतं ना मला. आता विचारायला काहीतरी मिळालं. बेडूक आज लवकर सुरू झाला. बेडूक आज गप्प आहे, पाऊस फार आहे. पलीकडच्या बाजूने आज दुसरा एक ओरडला आणि आपला जास्त जोरात ओरडायला लागला. "आपला" हा शब्द त्यांनी वापरला तेव्हा मी मनात नोंद घेतली.

बेडकावरून झाडावर, झाडावरून पाण्यावर बोलणं जायचं. एकदा ते म्हणाले, "तुले सांगू का, इथं झाडाच्या पोटातबी गोड पानी हाय."

हे वाक्य कुठून आलं ते मला कळलं. त्यांचं गाव तेल्हाऱ्याकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथे विहीर खणा, बोअर मारा, पाणी खारटच लागतं. मी रोज त्या भागातल्या मातीचे नमुने तपासते, मला ते आकड्यांत माहीत होतं. त्या दिवशी त्यांनी ते मला वेगळं सांगितलं. लहानपणी आई डोक्यावर पाण्याचा गुंड आणि काखेत कळशी घेऊन दुसऱ्या शिवारातल्या गोड्या विहिरीवर जायची, ते तिच्या मागे लहान बादली घेऊन जायचे, आणि परत येताना तहान लागली तरी बादलीतलं प्यायचं नाही असं त्यांनी स्वतःच स्वतःला लावून घेतलं होतं. आई म्हणायची पी ना रे बाप्पा, तरी नाही.

मी सासूबाईंना हे विचारलं. त्या भाकरी थापत होत्या. थांबल्या. "हो," म्हणाल्या, "लय हट्टी होता. पन तुले काहून सांगून राहिला आता?"

"काय माहीत."

"तिकडं बोलाले कोनी नसंल," असं म्हणून त्या पुन्हा थापायला लागल्या.

तसंही असेल. पण मला ते मानायचं नव्हतं.

अशाच एका पहाटे त्यांनी सांगितलं की नोकरीच्या सुरुवातीला पहिल्या टॉवरवर चढले तेव्हा अर्ध्यावर त्यांना उलटी झाली होती. डोळे मिटून लोखंडाला मिठी मारून ते किती तरी वेळ तसेच उभे राहिले, आणि खालून लोक हसत होते. माझ्या मनात त्यांचं चित्र होतं ते न घाबरणाऱ्या माणसाचं. लग्नाआधी दाखवलेल्या फोटोत ते टॉवरच्या शेंड्याजवळ एका हाताने लटकून उभे होते, आणि माझ्या वडिलांनी तो फोटो सगळ्या नातेवाइकांना दाखवला होता. मी विचारलं, "मंग तो फोटो?"

"तो नंतरचा. त्यातबी पोटात गोळाच होता. फोटोत कुठं दिसते?"

मी फोन ठेवल्यावर कपाटातून तो फोटो काढला आणि बराच वेळ पाहत बसले. त्या दिवशी प्रयोगशाळेत पोचायला मला उशीर झाला.

मग त्यांनीही विचारायला सुरुवात केली. तू रोज करते काय तिथं? माती वाळवते म्हंजे कशी? मी सांगायची. शेतकरी कापडी पिशवीतून माती आणतात, ती सावलीत पसरायची, लाकडी हातोड्याने ढेकळं फोडायची, चाळायची, मग तिचा सामू पाहायचा, क्षार पाहायचे. नांदगाव खंडेश्वरकडची माती आणि तेल्हाऱ्याकडची माती मला आता नुसत्या बोटांनी वेगळी ओळखू येते, हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. ते म्हणाले, "म्हंजे आमच्या गावची माती तुले हाताले कळते?" मागे बेडूक ओरडत राहिला.

एकदा म्हणाले, "फोन जरा अंगनात ने."

"काहून?"

"ने तं खरं."

मी नेला. "आता बोलू नको," ते म्हणाले. मी फोन हातात धरून उभी राहिले. अंगणात व्होले पक्षी घुमत होते. शेजारच्या गल्लीतून अजान संपत आली होती. दूधवाल्याची मोटरसायकल आली, थांबली, गेली. सासूबाईंना नेहमीचा सकाळचा खोकला आला. नळाला त्या दिवशी पाणी येणार होतं म्हणून सगळ्या गल्लीत बादल्या वाजत होत्या. पलीकडून काहीच आवाज नव्हता, मला वाटलं फोन कट झाला. मग ते म्हणाले, "बरं वाटलं." त्यानंतर ते अधूनमधून असंच सांगायचे आणि मी फोन घेऊन अंगणात उभी राहायची. समोरच्या वहिनींनी एकदा विचारलं, फोनला ऊन दाखवता का म्हणून.

लेकीला सुट्टीत हे सगळं कळलं तेव्हा ती मला चिडवायला लागली. "आई, तू तं सकाळी फोन यायच्या आधी केस विंचरते. व्हिडिओ कॉल नाई, काई नाई, तरीबी!" मी म्हटलं, ऑफिसला जायचं असते. पण ऑफिसला जायला तेव्हा खूप वेळ असायचा.

एक बाई मात्र त्या बोलण्यात सारखी यायला लागली होती. कॅम्पवर एक जीवशास्त्र शिकलेली तरुण मुलगी होती. लाईनसाठी झाडं तोडण्याआधी तिथली जनावरं, पक्षी, बेडूक सुरक्षित हलवायचे असा तिथला नियम, आणि ती ते काम पाहायची. बेडकाची सगळी माहिती यांना तिच्याकडूनच मिळत होती, मोबाईलवर भाषांतर करून करून. "ती म्हनाली," "तिनं दाखवलं," "ती सांगून राहिली होती." मी एकदा जरा तुटकपणे म्हटलं, "मंग तिच्याशीच बोला ना." आणि मलाच माझं हसू आलं, कारण ती आमच्या लेकीपेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी असेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चक्क व्हिडिओ कॉल केला. पडद्यावर ती मुलगी आली. सडपातळ, चिखलाने भरलेले बूट, डोक्याला दिवा बांधलेला. तिने हात जोडून "नमस्ते" म्हटलं, आणि मग तिच्या मोबाईलमध्ये काढलेला कुनवारूचा फोटो आम्हाला दाखवला. फिकट राखाडी, निळसर अंग, त्यावर काळपट तपकिरी रुंद पट्टे. बोटांच्या टोकांना गोल गाद्या. आणि डोळे सोन्याच्या रंगाचे, त्यांत काळ्या रेघांची फुली. इतका देखणा बेडूक असतो हे मला माहीत नव्हतं. त्याला फार त्रास झाला की अंगातून दुधासारखा पांढरा चिकट रस सुटतो, तो विषारी असतो, असंही तिने सांगितलं. आणि हा ओरडतो तो नर. मादी त्याच्या ढोलीतल्या पाण्यात अंडी घालते आणि निघून जाते, पिल्लं वाढताना तो तिथेच राहतो. कधी कधी तो पुन्हा ओरडून दुसऱ्या मादीला बोलावतो, तिने घातलेली अंडी पहिल्या पिल्लांच्या पोटात जातात.

यांनी हे मराठीत सांगितलं तेव्हा सासूबाई चष्मा सावरून म्हणाल्या, "म्हंजे लेकराइले खाऊ घालाले दुसरी बायको? मंग कुंवारा कायचा हा मेला!"

ती मुलगी काय म्हणाल्या, काय म्हणाल्या विचारत होती. यांना ते मोबाईलला सांगून भाषांतर करता येईना. सगळे हसत होते. फोन ठेवल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पोरगी चांगली हाय. जेवते का नाई नीट, कोन जाने."

नंतर एका आठवड्यात फोनचा सूर बदलला. मला आधी बेडकाच्या आवाजावरून नाही, यांच्या आवाजावरून कळलं. "जेवली का" इतकं सावकाश विचारलं की मीच म्हटलं, "काय झालं?"

"काई नाई. पुढच्या पट्ट्यातलं तोडकाम सुरू होईल."

"मंग?"

"हे झाड त्याच्यात येते."

मला जरा वेळ लागला. "कोन्तं झाड? आपलं?"

"हो."

मी वेड्यासारखं विचारलं, "एखादा टॉवर थोडा इकडं-तिकडं करता येत नाई का तुमाले?"

"अगं, लाईन सरळ जाते. तारेखालचा पट्टा साफच ठेवा लागते. नकाशा आदीच ठरला असते. मी कोन हाय?" मग म्हणाले, "इतक्या वर्षांत किती झाडं पाडली आमी, कधी वर पाहिलंच नाई."

बेडूक मागे ओरडत होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "ती पोरगी हाय ना. ती करंल काहीतरी."

तिने केलं. झाडावर चढणारा एक माणूस दोरीने वर गेला, ढोलीतलं पाणी, पिल्लं आणि बेडूक असं सगळं वेगवेगळ्या डब्यांत घालून खाली सोडलं. यांनी सुट्टी घेतली होती त्या दिवशी, डबे धरायला. बेडूक एका क्षणी डब्यातून निसटून यांच्या हातावर आला, आणि त्यांनी त्याला धरलं तेव्हा तो पांढरा रस हातमोज्यांच्या वर, मनगटाला लागला. चिकट, डिंकासारखा. दोन दिवस त्वचा जळजळत होती म्हणाले. जंगलात आत, पट्ट्यापासून बऱ्याच लांब, त्यांनी दुसरं एक ढोलीचं झाड पाहून ठेवलं होतं. त्या ढोलीत ते पाणी ओतलं, पिल्लं सोडली, बेडूक सोडला.

"बसला का तो आत?" मी विचारलं.

"लगेच आत गेला. तोंड वळवून पाहिलंबी नाई."

"आनि झाड?"

"पाडलं काल."

त्या दिवसापासून फोनच्या मागे बेडूक नव्हता. जंगल होतं, किडे होते, लांबचा जनरेटर होता. पण तो पोकळ ठोका नव्हता, आणि आमच्या बोलण्याला जणू टेकायला काही उरलं नाही. मी विचारायची, ते सांगायचे, पण दोघंही मध्येच थांबायचो, त्या आवाजाची वाट पाहिल्यासारखे. एका रविवारी ते त्या मुलीबरोबर आत जंगलात गेले आणि तिथला आवाज मोबाईलमध्ये घेऊन मला पाठवला. मी तो कितीदा ऐकला सांगता येणार नाही. कानात घालून ऐकला, कपडे वाळत घालताना ऐकला, प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत ऐकला. खूप किडे, पाण्याचे थेंब, आणि कुठेतरी फार लांब काहीतरी ठोकल्यासारखं.

"तोच हाय का?" मी विचारलं.

"असंल," ते म्हणाले. "सांगता येत नाई. तीबी म्हनाली, सांगता येत नाई."

काम संपून ते परत आले तेव्हा उन्हाळा उतरत होता. आम्ही तिघी त्यांना घ्यायला स्टेशनवर गेलो. मी नवीन साडी नेसले होते, हलक्या हिरव्या रंगाची. ते गाडीतून उतरले, बारीक झालेले, केस जास्त पांढरे, आणि आईच्या पायांना हात लावून, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून, माझ्याकडे वळून म्हणाले, "रिक्षा सांगितली का?"

मला वाटलं थकलेत. आठवडाभर मी तसंच म्हणत राहिले. मग महिनाभर.

आता ते कायमचे घरी आहेत. गुडघे दुखतात, कंपनीने साईटचं काम दिलं नाही आणि त्यांनीही मागितलं नाही. घरात त्यांचं असणं वाईट नाही. भाजी आणतात, आईला दवाखान्यात नेतात, कूलर, नळ, मिक्सर सगळं ठणठणीत आहे. माझ्याशी भांडत नाहीत. बोलतही नाहीत. सकाळी मी अजून त्याच वेळेला उठते. चहाचं आधण ठेवते आणि फोनकडे नजर जाते, आणि ज्याचा फोन यायचा तो माणूस आत पाठ करून झोपलेला असतो. हे कुणाला सांगितलं तर हसतील. नवरा घरात असताना नवऱ्याची आठवण येते म्हणे.

एकदा मी चहा देताना विचारलं, "तिथलं काई सांगा ना."

त्यांनी कप खाली ठेवला. विचार केला, खरंच केला, मला दिसलं. मग म्हणाले, "सांगितलं ना सगळं तुले."

"पुन्हा सांगा."

"काय पुन्हा पुन्हा." आणि पेपर उचलला. पेपर उचलताना ते जरा ओशाळल्यासारखे झाले होते, आणि त्यामुळे मला रागही आला नाही.

सासूबाईंच्या लक्षात सगळं येतं. त्या एकदा मला म्हणाल्या, "याचा बापबी असाच होता. शेतातून आला की गप. बाजाराच्या दिवशी मात्र बैलगाडीवर बसला, मी मागं बसली, की मंग बोले. तोंड समोर पाहिजे बैलाकडं. माह्याकडं पाहून नाई बोलता ये त्याले." मी हसले. पण आमच्याकडे बैलगाडी नव्हती.

मागच्या हिवाळ्यात मला अमरावतीला प्रशिक्षणाला जावं लागलं. आठवडाभर. मी लेकीच्या मैत्रिणीच्या रिकाम्या खोलीवर राहिले. पहिल्या सकाळी मी उठले, खोलीत ना गॅस ना चहा, खिडकीतून गार वारा येत होता, आणि फोन वाजला.

"जेवली का?" त्यांनी विचारलं.

"सकाळचे सहा वाजले अजी."

"हो. म्हंजे काल रात्री." मला वाटलं आता ठेवतो म्हणतील. "थंडी हाय का तिकडं?"

"हाय."

"इथंबी हाय. आई शेकोटी करून बसली. मी अंगनात हाय." आणि मग, मी काही विचारलं नसताना, ते सांगायला लागले की रात्री झोप आली नाही, की ते पाडलेलं झाड त्यांना कधी कधी स्वप्नात दिसतं, उभं, आणि ते त्याच्या शेंड्यावर असतात आणि यावेळी भीती वाटत नाही. की घरी आल्यापासून त्यांना कळत नाही दिवसाचं काय करावं. की मी ऑफिसला गेले की घर मोठं वाटतं. मी पलंगावर पाय पोटाशी घेऊन ऐकत होते. त्यांच्या मागे सासूबाईंचा खोकला ऐकू येत होता, आणि व्होले. मी एक शब्द बोलले नाही, ते थांबू नयेत म्हणून.

आठवडाभर रोज फोन आला. शेवटच्या दिवशी मी प्रशिक्षण संपताच पहिली बस धरली. मूर्तिजापूरपर्यंत मला उभं राहावं लागलं आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. घरी पोचले. दार त्यांनीच उघडलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते, मग त्यांनी खाली पाहिलं, माझ्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाले, "गर्दी होती का बसमंदी?"

"होती."

"बरं. हातपाय धू." ते बॅग घेऊन आत गेले.

आता अमरावतीच्या प्रयोगशाळेत एक जागा रिकामी झाली आहे. साहेबांनी मला विचारलं, येता का मॅडम, वर्षभरासाठी. अकोल्याहून रोज जाणं-येणंही होण्यासारखं आहे, बरेच लोक करतात. मी म्हटलं, घरी विचारून सांगते. रात्री जेवताना विचारलं. सासूबाई ताटावरून वर पाहून आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. माझ्या मनात होतं की ते म्हणतील, काहून, इथं काय कमी आहे. किंवा म्हणतील, रोज ये-जा कर. ते लगेच म्हणाले, "जाय ना. पोरगी हाय तिथं, खोली घे तिच्याजवळ. मी आईले पाहतो."

इतकं लगेच म्हणाले, की मी भाकरीचा तुकडा हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी भाजी वाढून घेतली. मी पुढे काही विचारलं नाही. ज्यासाठी मला जायचं आहे ते मी त्यांना सांगू शकत नाही, आणि त्यांनाही तेच हवं असेल तर ते मला सांगू शकत नाहीत.

सोमवारी रुजू व्हायचं आहे. बॅग अजून रिकामीच आहे. काल संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या घालत होते तेव्हा माझ्या मोबाईलवर मेसेज आला. त्यांनी कुणाला न सांगता, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन, माझ्या नंबरावर वर्षभराचा रिचार्ज मारला होता.